अनुभव धागा : गाडीचं काम तुम्ही कसं शिकलात?

माझा भाचा यंदा दहावी झाला. घरात सगळ्यांचं एकच चाललंय, डिप्लोमा नाहीतर अकरावी सायन्स. तो मात्र म्हणतो, मला गाडीचं काम शिकायचंय. मे महिनाभर तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजात सकाळी सकाळी जाऊन बसायचा. एक दिवस मी भाजी घेऊन येत होतो, तर गाडीखालून त्याचे फक्त पाय दिसले. बाहेर आला तेव्हा गालावर ऑइलचा ओघळ आणि हातात जुना ऑइल फिल्टर. "मामा, निघाला!" एवढंच म्हणाला. मार्कशीट दाखवताना हा चेहरा नव्हता.

ताईला आणि दाजींना काय सांगावं ते मला कळत नाहीये. मला स्वतःला यातलं फार समजत नाही. माझी मजल १९९६ च्या मारुती ८०० चे तीन प्लग काढून पॉलिश पेपरने घासण्यापर्यंतच. म्हणून ज्यांनी हे काम केलंय, करताय किंवा करून सोडलंय, त्यांनी लिहा. कुणाकडे शिकलात, किती वर्षं लागली, काय चुकलं, पहिली हत्यारं कुठली घेतलीत. आणि स्वतःच्या मुलाला किंवा मुलीला या कामात घालाल का, तेही लिहा. गोड गोड लिहू नका. मला हे त्याच्या आईवडिलांना वाचून दाखवायचंय.

उद्यमनगरी

मी १९८६ साली कोल्हापुरात उद्यमनगरात कामाला लागलो. वय चौदा. एवढं लहान पोर गॅरेजात असू नये, आणि मी माझ्याकडं ठेवतही नाही. पण तेव्हा घरची परिस्थिती तशी होती. त्या गल्ल्यांत शिरलं की एका अंगाला लेथचा आवाज, दुसऱ्या अंगाला फौंड्रीची धग. बोअर करायचा, क्रँक घासायचा, एखादा न मिळणारा पार्ट बनवून घ्यायचा, सगळं पाचशे पावलांत व्हायचं.

पहिलं वर्षभर मी पार्ट धुतले. पत्र्याचा ट्रे, त्यात रॉकेल, हातात ब्रश. थंडीत बोटांना भेगा पडायच्या आणि त्यात रॉकेल झोंबायचं. संध्याकाळी साबणाच्या पावडरीत लाकडाचा भुसा मिसळून हात घासायचे. तेव्हा वाटायचं, फुकट राबवून घेतायत. पण धुताना प्रत्येक पार्ट हातातून जातो. कुठल्या बेअरिंगमध्ये खरखर आहे, कुठल्या गिअरच्या दात्याची कड गेलीय, हे बोटांना कळायला लागतं. उस्ताद मधेच एखादा पार्ट उचलून विचारायचे, "हा कुठं बसतो?" सांगता आलं नाही तर ओरडायचे नाहीत. तो पार्ट दिवसभर माझ्या खिशात ठेवायला लावायचे.

दुसऱ्या वर्षी व्हॉल्व्ह बसवायला मिळाले. पद्मिनीचं, म्हणजे जुन्या फियाट टॅक्सीच्या गाडीचं हेड (इंजिनाचा वरचा भाग), आठ व्हॉल्व्ह. लाकडी दांडीच्या टोकाला रबरी कप असतो, तो व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायचा, खाली पेस्ट लावायची आणि दांडी दोन्ही तळव्यांत धरून रवी घुसळल्यासारखी फिरवायची. थोडं फिरवलं की उचलायचं, जागा बदलायची, परत फिरवायचं. आधी जाड पेस्ट, मग बारीक. व्हॉल्व्हच्या कडेवर सगळीकडं सारख्या रुंदीची करड्या रंगाची रेघ उठली पाहिजे. मग स्प्रिंगा चढवून हेड उलटं ठेवायचं आणि चेंबरमध्ये रॉकेल ओतून चहा प्यायला जायचं. आल्यावर पोर्टमध्ये बोट घालून बघायचं. बोट ओलं झालं की तो व्हॉल्व्ह परत घासायचा. पहिल्या हेडला माझे आठापैकी पाच ओले निघाले. रात्री साडेनऊपर्यंत बसलो, उस्तादही बसले. बाकड्यावर बसून त्यांनी एका शब्दानं घाई केली नाही.

चूक विचारलीत म्हणून सांगतो. त्याच हेडच्या प्रकारात, अ‍ॅल्युमिनियममध्ये, मी प्लग थेट पान्यानं आवळला. तो वाकडा शिरला होता. आटे गेले. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. उस्तादांनी हेड उतरवलं, लेथवर नेऊन बूश बसवून आणलं. पगारातून काही कापलं नाही. त्या दिवसापासून प्लग आधी बोटांनी चार आटे फिरवल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. माझ्या पोरांनाही घेऊ देत नाही.

एकट्यानं पूर्ण इंजिन बांधायला मला पाच वर्षं लागली. तुमच्या भाच्याला आयटीआय करू द्या. मला आकृती वाचता यायला फार उशीर झाला, आणि त्यात माझी काही वर्षं वाया गेली.

आगारकन्या

आयटीआयचं वर लिहिलंय, म्हणून माझं सांगते. दहावीनंतर मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला. वर्गात मी एकटी मुलगी. डिझेल मेकॅनिकचा ट्रेड एक वर्षाचा असतो, पण सरांनी सांगितलं, दोन वर्षांचा कर, पेट्रोल आणि डिझेल दोन्ही होईल. नंतर एसटीच्या आगारात एक वर्ष अ‍ॅप्रेंटिस.

आयटीआयत इंजिन स्टँडवर ठेवलेलं असतं, रंगवलेलं, अर्धं कापून आतलं दिसेल असं. चार स्ट्रोक, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, मायक्रोमीटर धरायचा कसा, हे सगळं तिथे नीट झालं आणि ते आजही उपयोगी पडतं. पण एकही बोल्ट गंजलेला नव्हता. आगारात पहिल्याच दिवशी पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. वर चिखलानं माखलेली लालपरी, हातात दिवा, आणि तोंडावर सुकलेल्या मातीची ढेपळं पडतायत. तेव्हा कळलं की अर्धं काम बोल्टपर्यंत पोचायचंच असतं.

मुख्य मेकॅनिक काकांनी मला पहिले दोन महिने ब्रेकवर ठेवलं. ड्रम काढायचा, लायनर किती झिजलाय बघायचा, रिव्हेट वर आलेत का बघायचं, नवीन लायनर बसवायचे, स्लॅक अ‍ॅडजस्टर लावायचा, म्हणजे झिजल्यामुळे ब्रेकला आलेली ढील काढायची. एसटीला एअर ब्रेक, हवेच्या दाबावर चालणारा. हवा भरली की साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड बघायचा. काका म्हणायचे, "या गाडीत पन्नास माणसं बसतात, आणि त्यातलं एकही तुला ओळखत नाही." मी रात्री घरी गेल्यावर आठवत बसायचे, अमुक नट आवळला होता ना? मग मी आवळलेल्या प्रत्येक नटावर खडूची रेघ मारायला लागले. पोरं हसली. महिन्याभरात दोघं-तिघं तेच करायला लागले.

ताकदीचं सगळे विचारतात. चाकाचे नट मला उघडत नव्हते, खरं आहे. काकांनी पान्याला लांब पाइप लावून दिला आणि म्हणाले, कमरेतून लाव, हातातून नाही. आजही तसंच करते. गिअरबॉक्स पुरुषही एकट्यानं उचलत नाहीत, त्याला जॅक असतो. त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टींचा. एका खासगी वर्कशॉपमध्ये मी नंतर काम केलं, तिथे बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. दिवसभर पाणी न पिता काम करायचे, शेवटी आजारी पडून ती नोकरी सोडली. ज्यांच्या मुली या कामात जातील त्यांनी पगाराआधी ही गोष्ट विचारावी.

माझ्या मुलीला हे करायचं असेल तर मी पहिला पाना विकत घेऊन देईन.

ठाणेकर

मी मेकॅनिक नाही, स्वतःच्या गाडीचं काम सुट्टीच्या दिवशी करतो. एवढंच लिहितो, पण कृपया वाचा.

२०१७ च्या पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात पुढचे ब्रेक पॅड बदलत होतो. गाडी डिकीतल्या जॅकवर. पेव्हर ब्लॉकखालची माती पावसानं भुसभुशीत झाली होती आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. जॅक हळूच कलला आणि गाडी खाली आली. काढलेलं चाक मी सवयीनं गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. गाडी त्या चाकावर टेकली. माझा डावा हात डिस्कच्या मागे होता, आणि तो आज आहे तो त्या चाकामुळे.

जॅक फक्त उचलायला असतो. खाली हात घालण्याआधी घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड नाहीतर लाकडी ठोकळे लावा. भाच्याला हे पहिल्या दिवशी सांगा.

गोदाकाठ

नाशिकला माझं छोटं गॅरेज आहे. मी कार्ब्युरेटरवर शिकलो आणि सेन्सरवर पोट भरतो, म्हणून मधल्या काळाबद्दल लिहितो.

२००० च्या आसपास एमपीएफआय गाड्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणाऱ्या, सगळीकडे आल्या आणि आमच्यातले कितीतरी चांगले हात मागे पडले. ज्यांना इंजिनाच्या आवाजावरून टायमिंग कळायचं ते म्हणायचे, डब्याला हात लावायचा नाही. डबा म्हणजे ईसीयू, इंजिन चालवणारा छोटा संगणक. मीही घाबरायचो. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम आले आणि डिझेल गाड्यांत डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची भर पडली. म्हणजे शिकणं काही थांबत नाही.

ईसीयूनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घेतला तेव्हा मला वाटलं, आता यंत्रच सांगेल काय बिघडलंय. एक गाडी आली. चेक इंजिनचा दिवा, पिकअप नाही, सिग्नलवरून निघताना गचके. कोड पी ०१७१, म्हणजे इंजिनाला हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. मालकानं आधी दुसरीकडे दाखवलं होतं. तिथं ऑक्सिजन सेन्सर बदलला, इंजेक्टर साफ केले, पैसे घेतले. आठवड्यात दिवा परत.

मी कोड पुसला नाही. चालू इंजिनाचे आकडे बघत बसलो. उभ्या गाडीत ईसीयू पेट्रोल जवळपास नेहमीइतकंच देत होता. पण ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच जरा सोडला, की तोच आकडा चढायला लागायचा, २०-२२ टक्के जास्तीचं पेट्रोल. मग मी पोराला आत बसवलं, बॉनेट उघडं ठेवलं, हात दूर ठेवले आणि इंजिनाकडे नुसतं बघत राहिलो. क्लच सुटला की इंजिन माउंटिंगवर थोडंसं झुकत होतं. ते झुकलं की एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीच्या मधली रबरी नळी ताणली जात होती. इंजिन बंद करून त्या नळीच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं. घडीत चीर होती, वरून अजिबात न दिसणारी. इंजिन झुकलं की चीर उघडायची आणि सेन्सरनं न मोजलेली हवा आत जायची. ती नळी बदलली, आणि दबलेलं माउंटिंग बदललं, कारण नळी फाटली होती त्याच्यामुळे.

ऑक्सिजन सेन्सर खरं तेच सांगत होता. त्यानं निरोप आणला, आणि आधीच्या माणसानं निरोप्यालाच बदललं. कोड मिळाला म्हणजे निदान झालं नाही, कुठे शोधायचं तेवढं कळलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो, अंदाजानं पार्ट बदलण्यात. हे मी तळमळीनं सांगतोय, कारण सुरुवातीची दोन वर्षं मीही हेच केलं. एका शिक्षकांच्या गाडीत मी नको असलेला फ्युएल पंप घातला होता. नंतर कळल्यावर पैसे परत द्यायला गेलो तर त्यांची बदली झाली होती. ते पैसे देता आले नाहीत, आणि ती रक्कम मला अजून पाठ आहे.

उद्यमनगरी

गोदाकाठ, निरोप्याचं बरोबर लिहिलंत. आमचे उस्ताद गाडी आली की आधी मालकाला बोलू द्यायचे. थंड असताना होतं का गरम झाल्यावर? चढाला का उताराला? पावसात होतं का? पाच मिनिटं हेच. आम्हाला वाटायचं, गप्पा मारतायत.

काळीपिवळी

माझे वडील मुंबईत टॅक्सीचे मेकॅनिक होते. आयुष्यभर पद्मिनी. पद्मिनी कुर्ल्यात तयार व्हायची, आणि वडिलांचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला एक पेटी आणि ताडपत्री. पॉइंटची, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणाऱ्या स्विचची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवायची असते. वडील फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी लावायचे, पण त्याआधी नुसतं डोळ्यानं लावून मग गेजनं तपासायचे. मला म्हणायचे, "डोळा तयार कर, गेज घरी विसरलं तरी गाडी उभी राहता कामा नये."

सीएनजी आलं तेव्हा पन्नाशीत ते परत शिकायला बसले. सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करून घ्यावी लागते, जोडणीला अंदाज चालत नाही. एका वहीत लिहून काढायचे, अक्षर लागत नव्हतं तरी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. वडील तेव्हा नव्हते. त्यांची पेटी माझ्याकडे आहे. मी बँकेत आहे, मला पाना धरता येत नाही. त्यांनी मला मुद्दाम शिकवलं नाही. त्यांचे हात बघून आईनं तसं वचन घेतलं होतं. बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही.

सोलापुरी

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. गॅरेजवाले ज्या गाड्यांना कंटाळतात त्या माझ्याकडे येतात. या शाखेबद्दल पोरांना कुणी सांगत नाही. गाड्यांत वायर वाढतच चालल्यात आणि ती शोधणारी माणसं कमी आहेत.

एक सेडान आली. तीन दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही. एका दुकानानं दोन बॅटऱ्या बदलून दिल्या होत्या. मी आधी मीटर लावला. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४.२. म्हणजे बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला. मग कुणीतरी रात्री करंट पितंय. गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो, कारण सगळे कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. नंतर पन्नास मिलिअँपिअरच्या आत यायला हवं होतं, येत होतं चारशेच्या वर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, भागाकार करा, साडेतीन दिवसांत रिकामी. मालक म्हणत होता ते आणि मीटर म्हणत होता ते तंतोतंत जुळलं.

आता चारशे मिलिअँपिअर म्हणजे बारा व्होल्टला पाच वॅट. पाच वॅटचं गाडीत काय असतं? छोटा बल्ब. आतले सगळे बंद. मग मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला आणि डिकी लावली. उघडून बघितलं तर व्हिडिओत डिकी लख्ख उजेडात. झाकण लागल्यावर दिवा बंद करणारा स्विच अडकला होता. साफ करून दोन थेंब तेल.

मी बारावी नापास आहे. ओहमचा नियम मला शाळेत कधी समजला नाही, या कामात समजला. भाच्याला सांगा, टेस्ट लॅम्प स्वस्त असतो म्हणून फक्त त्याच्यावर राहू नकोस. पहिल्या पगारातून बरा मल्टिमीटर घे. आणि हातातली अंगठी, कडं काढून ठेव. बॅटरीच्या प्लसवर पाना आणि पाना अंगठीला टेकलेला, त्यातून बॉडीला अर्थ, असं झालेलं बोट मी पाहिलंय.

जॉब कार्ड

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सहा वर्षं काढली. कुठल्या ते लिहीत नाही. चांगलं आधी. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला ते मोजणारा पाना वापरायची शिस्त तिथेच लागली. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, ठरलेल्या आकड्याला. मॅन्युअल उघडून वाचायची लाज वाटत नाही, उलट न वाचता केलं तर बोलणी बसतात. नवीन मॉडेल आलं की ट्रेनिंग मिळतं. ब्रेक ऑइल कुठल्या दर्जाचं, डॉट ३ की डॉट ४, ते हवेतलं पाणी शोषतं म्हणून मुदतीनं का बदलायचं, असं कारणासकट शिकायला मिळालं.

वाईट म्हणजे, तीन वर्षं मी सर्व्हिसच केली. ऑइल, फिल्टर, ब्रेक साफ, पुढची गाडी. इंजिन उघडणारे दोघंच होते आणि ते जागा सोडत नव्हते. गरज नसलेली कामं कार्डावर चढवायचा दबाव असायचा. मी एकदा नाही म्हणालो आणि महिनाभर वॉशिंगला उभा राहिलो. पगार वेळेवर, पीएफ होता, पण वाढ नावापुरती. आता दुसऱ्याच्या गॅरेजात आहे. इथे सगळं करायला मिळतं, पीएफ नाही.

माझं मत, दोन-तीन वर्षं सर्व्हिस सेंटरमध्ये घालवावीत, पण तिथेच मुरू नये.

सोडून दिलेला

मी आठ महिने केलं. आवड होती. पण ऑइलनं कातडीला फोड यायचे, हातमोजे घालून तेव्हा कुणी काम करू देत नसे, आणि कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितल्यावर सोडलं. आता स्पेअर पार्टच्या दुकानात आहे, आणि गॅरेजातले आठ महिने रोज कामाला येतात. गिऱ्हाईक तुटका तुकडा पुढं करतं, मी हातात घेऊन सांगतो कशाचा आहे. नायट्राइलचे हातमोजे आता सगळीकडे मिळतात. पोराला पहिल्या दिवसापासून घालायला लावा.

बर्फातला पाना

मी मूळचा साताऱ्याचा, आता कॅनडात ओंटारिओमध्ये. साताऱ्यात नऊ वर्षं गॅरेज केलं होतं. वाटलं, इथे उतरलो की कामाला लागू. इथे मोटार मेकॅनिक हा परवान्याचा व्यवसाय आहे, ३१०एस म्हणतात. नव्यानं शिकणाऱ्याला ७,२२० तास, त्यातले ६,५०० कामावर आणि ७२० वर्गात. बाहेरच्या अनुभवाची कागदपत्रं तपासून मान्य केली तर थेट परीक्षेला बसता येतं. अडचण तिथेच आली. माझ्या नऊ वर्षांचा एकही कागद नव्हता. उस्तादांचं पत्र होतं, त्यावर शिक्का नव्हता, तारखा नव्हत्या. मग अ‍ॅप्रेंटिस म्हणून खालून सुरुवात केली, तिशी उलटल्यावर, विशीतल्या पोरांबरोबर.

म्हणून सांगतो, भाच्यानं कुठेही काम केलं तर तारखांसकट लिहून घ्यावं. आयटीआयचं प्रमाणपत्र, अ‍ॅप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र, सगळं जपून ठेवावं. परदेशी जायचं नसलं तरी.

इथल्या कामात दोन गोष्टी वेगळ्या. हत्यारं स्वतःची, प्रत्येकाची स्वतःची ट्रॉली. आणि बऱ्याच ठिकाणी फ्लॅट रेट, म्हणजे कामाला ठरलेल्या तासांचे पैसे, तुम्हाला जास्त वेळ लागला तर तुमचा तोटा. त्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं गाडीचा खालचा भाग गंजून एकजीव होतो. साताऱ्यात पंधरा मिनिटांत निघणारा बोल्ट इथे दोन तास घेतो. इथे मात्र मला साताऱ्याचं शिक्षण कामाला आलं. इथली पोरं जोर लावून बोल्ट तोडतात. मी गरम करतो, तेल सोडतो, थोडा आवळतो, थोडा सोडतो, परत आवळतो. आमचे उस्ताद म्हणायचे, त्याला आधी हो म्हणायला शिकव.

नारिंगी वायर

पुण्यात इलेक्ट्रिक गाड्यांवर काम करतो. थोडक्यात लिहितो. नारिंगी वायर दिसली की प्रशिक्षण नसताना हात लावायचा नाही, मग तुम्ही तीस वर्षांचे मिस्त्री असलात तरी. तीनशे व्होल्टच्या वरचा डीसी असतो. आम्ही सर्व्हिस डिस्कनेक्ट, म्हणजे मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा प्लग काढतो, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला सांगितलेली मिनिटं थांबतो, १,००० व्होल्टचे हातमोजे घालून शून्य व्होल्ट मोजतो, मगच पुढे. पण सस्पेन्शन, ब्रेक, स्टीअरिंग, एसी, बारा व्होल्टची बॅटरी या गाड्यांतही आहेच, आणि माझ्याकडची निम्मी कामं त्याचीच असतात. ईव्ही आल्यावर मेकॅनिक संपणार असं दाजींना कुणी सांगितलं असेल तर सोलापुरी यांचा प्रतिसाद परत वाचून दाखवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी ताईकडे जाऊन सगळं वाचून दाखवलं. दाजी मधे काही बोलले नाहीत. आगारकन्या यांनी लिहिलेलं ताईनं दोनदा वाचायला लावलं. काळीपिवळी यांचं वाचताना दाजी उठून गॅलरीत गेले. दाजींचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, हे मला माहीत होतं, पण घरात त्यांची हत्यारांची पिशवी अजून आहे हे माहीत नव्हतं. दाजींनी माळ्यावरून ती खाली काढली. त्यात एक पक्कड, दोन छन्न्या आणि एक जुना मायक्रोमीटर, मखमलीच्या पेटीत. भाच्यानं तो उघडून डोळ्याजवळ धरला, पण वाचता येईना. दाजींनाही येईना.

आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरलाय. पहिला पर्याय मोटार मेकॅनिक, दोन वर्षांचा. दुसरा पर्याय दाजींनी स्वतः सांगून फिटर टाकायला लावला. ठाणेकर, घोड्यांची एक जोडी मी घेतली, त्याच्या गॅरेजवाल्या दादांना नेऊन दिली. त्यांच्याकडे एकच होती.

आगारकन्या, मायक्रोमीटर वाचायचा कसा ते इथे सोप्या भाषेत लिहाल का? तो वाट बघतोय.